सुनंदाचा नवरा

आमच्या घरात सात बायका आणि एक आप्पा असे आम्ही आठजण होतो. अव्वा म्हणजे आमची आई, आप्पांच्या दोन बहिणी आणि आम्ही चार पोरी. थोरली अत्या नवऱ्याशी पटलं नाही म्हणून फार वर्षांपूर्वी परत आलेली, धाकटीचं लग्न जमता जमता राहून गेलेलं, आणि दोघींनी मिळून आमच्या अव्वाला सासू नसल्याची उणीव कधी भासू दिली नाही. गाव बिदरकडचं, हुलसूरच्या पलीकडे, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. पहाटे थोरली अत्या सडा टाकताना कोंबड्यांशी भांडायची, तिथून जे बोलणं सुरू व्हायचं ते झोपेपर्यंत थांबायचं नाही. साधं बोलणं मराठीत, भांडण कानडीत आणि दारावर आलेल्या चादरवाल्याशी घासाघीस दखनीत, असा आमचा रिवाज होता. अव्वा तर भाकरी थापता थापता तीन भाषांत तिघींशी बोलायची आणि भाकरीचा काठ कुठे फाटायचा नाही. चुलीवर पुंडीची, म्हणजे अंबाडीची, आंबट भाजी रटरटत असायची, उखळात शेंगाची चटणी कुटली जात असायची, आणि त्या ठोक्याच्या वर आवाज चढवून कुणी ना कुणी काहीतरी सांगतच असायचं.

आप्पा मात्र बोलायचे नाहीत. रागीट नव्हते, दुःखीही नव्हते. फक्त बोलायचे नाहीत. ‘व्हय’, ‘न्हाई’, ‘मीठ’ आणि ‘वायर कुठाय’ एवढ्यात त्यांचा दिवस निभायचा. सकाळची लिंगपूजासुद्धा ओठातल्या ओठात. गंमत अशी की त्यांचा धंदा आवाजाचा होता. लग्नाचे, जत्रेचे मंडप घालायचे आणि लाऊडस्पीकर लावायचा. त्यांच्याजवळ एक मशीन, दोन माईक आणि पत्र्याचे चार कर्णे होते. कर्णे घरात धुवून पालथे घातलेले असत आणि धाकटी बहीण त्यांच्यात डोकं घालून झोपायची. कार्यक्रमाआधी आप्पा माईकपुढे उभे राहून ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, वन, टू, थ्री’ म्हणत, आणि ते इतक्या मोकळ्या, भरदार आवाजात म्हणत की आम्ही पोरी ते ऐकायला मुद्दाम मंडपाजवळ जाऊन उभ्या राहायचो. बापाचा आवाज ऐकायचा तर दुसऱ्याच्या लग्नाला जावं लागायचं.

हे सगळं सांगायचं कारण, आता पन्नाशी उलटल्यावर माझ्या कादंबऱ्यांतल्या पुरुषांबद्दल लोक मला बरंच काही विचारतात. बाई असून पुरुष इतके खरे कसे लिहिता, असं परवा एका मुलीनं भर कार्यक्रमात विचारलं. मी निरीक्षण, सहानुभूती असं काहीतरी बोलले आणि चहा प्यायले. पहिला पुरुष लिहिला तेव्हा माझ्याजवळ पाहायला नमुना एकच होता, आणि तो बोलत नव्हता.

आमच्या गावात जत्रेला दरवर्षी नाटक व्हायचं. लिहायचे शाळेतले गुरुजी. त्या वर्षी त्यांची बदली ठाणाकुशनूरला झाली, आणि जाताना ते नवं नाटकही बरोबर घेऊन गेले. तिथल्या लोकांना ते जास्त आवडलं म्हणे. नाटक मंडळ चालवायचा गुरुनाथ अण्णा, गावचा शिंपी. तो जत्रेचा स्पीकर सांगायला आमच्याकडे आला आणि ओट्यावर बसून रडगाणं गाऊ लागला. अर्धी पोरं पुण्याला गेलीत, उरलेली हैदराबादला, नट मिळंनात, आणि त्यात आता लिहायला माणूस न्हाई. आप्पा वायर गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, “आमची शांता लिहिती.”

घरातल्या सगळ्या बायका दारात आल्या. शांता लिहिते यापेक्षा आप्पा तीन शब्द सलग बोलले याचंच सगळ्यांना नवल. मी तेव्हा भालकीच्या कॉलेजात बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, एका निबंधाला बक्षीस मिळालं होतं. तेवढ्यावर मी नाटककार झाले.

बायकांची कामं मला लिहिता येत होती. अव्वाला आणि दोन्ही अत्यांना जसंच्या तसं उतरवलं की दोन अंक भरत होते. पण नायक? नवरा बायकोशी बोलतो म्हणजे काय बोलतो? मी खूप विचार केला. भाऊ नव्हताच, मामा बिदरला, आणि वर्गातली मुलं माझ्याशी बोलताना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची. शेवटी मी एक युक्ती केली. आप्पा जे जे करत नाहीत ते ते सगळं नायकाला करायला लावलं. तो घरी येतो आणि विचारतो, “सुनंदा, दमलीस का गं? बस जरा. पाणी मी आणतो.” मग तो तिच्याजवळ बसून आपल्या मनात काय काय चाललंय ते सांगतो. पानभर सांगतो. खलनायकसुद्धा सुनंदाचं शेत लाटण्याआधी आपलं लहानपण कसं गेलं ते सविस्तर सांगून डोळे पुसतो. मला ते इतकं आवडलं की एकटी असले म्हणजे मी दोघांचीही भाषणं मोठ्यानं म्हणून बघायची.

त्याच सुमारास उदगीरचं एक स्थळ मला बघून गेलं. मुलगा पुण्याला कंपनीत, घरात रंगीत टीव्ही. अव्वानं सुसला केला होता, चुरमुऱ्यांचा, वरून भरपूर शेंगदाणे. मला पुढे गुलबर्ग्याला एम. ए. करायचं होतं, लग्न नको होतं, पण तरी मी मन लावून त्याच्याकडे बघत होते. इतक्या जवळून तरुण पुरुष पहिल्यांदाच मिळाला होता आणि नाटकाचा तिसरा अंक अडला होता. त्यानं सुसल्यातले शेंगदाणे तेवढे वेचून खाल्ले, चुरमुरे बशीत ठेवले आणि मला विचारलं, “मशीनवर शिवता येतंय का?” एवढ्यानं अंक पुढे सरकेना. पसंती आली. अव्वा खूश झाली, जत्रा झाली की सुपारी फोडायची असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. आप्पांनी नेहमीप्रमाणे काहीच म्हटलं नाही.

नायकाचं काम बस्सू अण्णाकडे गेलं. हा उसाचा ट्रॅक्टर घेऊन भालकीच्या कारखान्याला जायचा. मिशा जाड, आवाज ट्रॅक्टरवर चढवून चढवून मोठा झालेला. सुनंदा कोण? लातूरकडच्या नट्या मोठ्या गावच्या जत्रांना ठरलेल्या. म्हणून फटफट्या दुरुस्त करणारा सिद्राम सुनंदा झाला. सासुरवाडीला जायचं होतं म्हणून तो मिशी काढायला तयार होईना, तेव्हा सुनंदा नाटकभर तोंडाला पदर लावून बोलेल असं ठरलं. पहिल्या तालमीला बस्सू अण्णानं ‘पाणी मी आणतो’ हे वाक्य वाचलं, कागद उलटा करून बघितला आणि मला विचारलं, “शांता, ह्यो माणूस आजारी हाय का?”

“न्हाई अण्णा. त्याचं तिच्यावर प्रेम हाय.”

“ते हाय खरं. पर पाणी कामून आणायलाय?”

सगळे हसले. गुरुनाथ अण्णा म्हणाला की लिहिलंय तसं म्हणायचं, आता वेळ नाही. बस्सू अण्णा स्वभावानं प्रामाणिक, घेतलेलं काम नीट करायचं. तो घरी पाठांतर करू लागला.

चार दिवसांत त्याची बायको निर्मला आमच्या अंगणात येऊन बसली. डोळे सुजलेले. “शांता, खरं सांग. सुनंदा कोण?” मी सांगितलं, अगं नाटकातली आहे. तिचा विश्वास बसेना. “नाटकातल्या बाईला पाणी कामून पाजायलाय? हे झोपंत बी ‘सुनंदा, दमलीस का’ म्हणायलेत. कारखान्याकडं कोन हाय का बघ, म्हनून माझी सासू म्हनायली.” अव्वानं तिला ताक दिलं. थोरल्या अत्यानं, सगळे पुरुष तसलेच, असा निकाल दिला. मला वाईट वाटलं, आणि नाटककाराच्या हातात जे असतं ते मी केलं; सुनंदाचं नाव बदलून निर्मला ठेवलं.

त्यानं तर अनर्थच झाला. दुसऱ्या दिवशी बस्सू अण्णा ट्रॅक्टर लावून घरात गेला आणि तोंडपाठ वाक्य म्हणाला, “निर्मला, दमलीस का गं? बस जरा. पाणी मी आणतो.” आणि पाठांतरात हातवारेही असतात म्हणून खरोखर घागरीकडे गेला. निर्मला किंचाळत बाहेर आली. दुसऱ्या बाईचं नाव घेत होता तोवर निदान समजत तरी होतं. आता काय लागलंय ह्यांना? सासूनं मीठ-मिरच्या उतरून टाकल्या. मठातल्या अय्यांनी विभूती दिली. शेवटी दोघी त्याला दर्ग्यात घेऊन गेल्या. म्हाताऱ्या मुजावरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पानीच ला रा ना? मारपीट तो नै कर रा? फिर काइको रोते अम्मा?” तरीही तिचं समाधान व्हावं म्हणून त्यांनी एक तावीज दिला. तो काळ्या दोऱ्यात घालून बस्सू अण्णाच्या दंडाला बांधला गेला. मी नाव पुन्हा सुनंदा केलं, पण आता त्याचा काही उपयोग नव्हता. बस्सू अण्णा तावीज बांधून पाणी आणत राहिला.

मंडळातही कुरबूर वाढली. खलनायकाचं काम करणाऱ्याला रडायचं नव्हतं. असले पुरुष कुठं असतात, हसतील लोक, असं गुरुनाथ अण्णाच आता म्हणू लागला. मला ते लागलं, कारण मनातून मलाही ते माहीत होतं. माझी माणसं पुरुषांचे कपडे घातलेल्या माझ्या अत्या होत्या. पण पुरुष आपसात काय बोलतात ते ऐकायला मी जाणार कुठे? पारावर मुलीनं बसणं शक्य नव्हतं, आणि मी जवळून गेले की पारावरचं बोलणं बंद पडून सगळे पावसापाण्यावर यायचे.

नाटक दुपारी करायचं ठरलं होतं. त्या वर्षी आमच्याकडे संध्याकाळ झाली की करंट जायचा, आला तर दिवसाच यायचा. म्हणून जत्रेच्या आदल्या दिवशी आप्पांनी गावाबाहेर शाळेच्या मैदानावर स्टेज उभं केलं, माईक लावले, आणि लांबलचक वायर ओढून दोन कर्णे गावातल्या देवळावर बांधले, आजूबाजूच्या वस्त्यांना आवाज जावा म्हणून. स्टेजवरचे दोन अजून बांधायचे होते, तोच ‘हॅलो, हॅलो’ म्हणेपर्यंत करंट गेला. आप्पा आणि मंडळाची माणसं तिथेच स्टेजवर सावलीला बसली. इकडे देवळामागच्या आमच्या गल्लीत बायका कडबू करायला जमल्या होत्या. निर्मलाही होती. पुरणाचा आणि वेलदोड्याचा वास सुटलेला, आणि आमचं नेहमीचं चाललेलं.

मध्येच करंट आला असावा आणि तिकडे माईक चालूच राहिलेला; देवळावरचा कर्णा खरखरला, कुणीतरी खोकलं, आणि एक भरदार आवाज आला, “...आन मग कोंबडी म्हनती, अक्का, अंडं माझं, आन वरडायलीस तू कामून?”

हशा झाला. म्हणजे कर्ण्यात हशा झाला. नंतर त्याच कर्ण्यातून थोरल्या अत्याचा आवाज आला, तोच चिरका सूर, कोंबड्यांना ती द्यायची तेच कानडी शाप. थोरली अत्या तर माझ्या शेजारी बसलेली, हातात अर्धा कडबू.

“हे कोन बोलायलंय?” अव्वानं विचारलं.

“आप्पा,” मी म्हटलं.

“ह्यांनला बोलता येतंय?”

कर्ण्यातून आता अव्वा बोलू लागली. एकीशी मराठीत, दुसरीशी कानडीत, तिसरीशी दखनीत, मध्ये भाकरीचा थपथप आवाज. हुबेहूब. मग आम्ही पोरी एकेक आलो. ज्या माणसाला आम्ही बहिरा समजत होतो त्यानं आमचा शब्द न् शब्द साठवून ठेवला होता. गल्लीत कुणी हलेना. कुणाचं तरी लेकरू सांगायला मैदानाकडे पळू लागलं तर थोरल्या अत्यानं त्याचा सदरा धरून खाली बसवलं. “सुम्किर,” ती म्हणाली. गप बस.

कर्ण्यातून बस्सू अण्णाचा आवाज आला, “कुठंतरी भोंगा वाजायलाय की हो, आप्पा.”

“वरल्या गावात असंल,” आप्पा म्हणाले. “आवाज फाटायलाय बघ. मशीन नवं आणतेत, पर लावायला कान पायजे.”

पुढचा अर्धा-पाऊण तास पुरुष काय बोलतात ते मी ऐकलं. बायकांबद्दल वाईटसाईट बोलत असतील अशी आमची सगळ्यांची समजूत होती. ते बराच वेळ म्हैस मालकाची फटफटी ओळखते की मालकाला यावर बोलले. मग कुणाचे गुडघे कधी दुखतात यावर. पुण्याला गेलेला मुलगा एस.टी.डी. बूथवर फोन करतो तेव्हा काय बोलायचं ते सुचत नाही म्हणून आपण तिकडच्या पावसाचंच विचारतो, असं खलनायक म्हणाला, आणि त्यावर कोणी हसलं नाही. मग सगळे बस्सू अण्णाच्या मागे लागले. “तावीज काढ की आता. किती दिस बांधून फिरनार?”

“काढतो कशाला?” बस्सू अण्णा म्हणाला. “पैल्यांदा पाठांतर म्हनून पाणी आणलो. ती बसली, पेली. बरं वाटलं मला. रोज आणायला लागलो. आता हे दंडाला हाय तवर कोन हसंना, म्हनतेत, लागिर हाय बिचाऱ्याला. तावीज काढलो आन पाणी आणलो तर तुमीच बाईलवेडा म्हनताल का न्हाई?”

निर्मलानं हातातलं पीठ परातीत ठेवलं आणि पदर तोंडात धरला. रडत होती की हसत होती ते मला आजही सांगता यायचं नाही.

“ते समदं खरं,” गुरुनाथ अण्णा म्हणाला, “पर आप्पा, तुमच्या पोरीनं असला नवरा आणला कुठनं?”

“मला उलटा करून लिहिलीय ती,” आप्पा म्हणाले. “शर्ट वाळत घालताना उलटा करतेत बघ, तसं. आतली शिलाई समदी भायेर.” थोडं थांबले. “तू शिंपी हायेस. शिलाई खोटी हाय का, सांग.”

“शिलाई बरी हाय,” गुरुनाथ अण्णा म्हणाला. “मग घरी कामून बोलत न्हाई तुमी?”

“सात जनी बोलायल्यात, गुरुनाथ. मधी आपली गाडी घालावी म्हनलं तर रस्ता मोकळा होईना. उभारतो, उभारतो, आन जेवून उठतो.”

“आन उदगीरच्या पावण्याचं?”

“न्हाई म्हनून निरोप धाडलो.”

अव्वाचा हात थांबला.

“कामून हो? पुण्यात हाय पोरगा.”

“शेंगदाणे वेचून खाल्ला तो. चुरमुरे ठिवला. असल्याच्या घरी माझी पोरगी बशीत ऱ्हाईल, चुरमुऱ्यावानी.”

“मला इचारले न्हाईत,” अव्वा कर्ण्याकडे बघून ओरडली. “निरोप धाडले, मला इचारले न्हाईत!” बायकांनी तिला गप्प केलं, कारण आप्पा पुन्हा बोलत होते. आवाज खाली आला होता, “आन खरं सांगू का गुरुनाथ, शांताच्या अव्वाला मी पैल्यांदा बघलो तवा...”

करंट गेला.

अव्वानं करंटवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तिन्ही भाषांत. बायका कर्ण्याखाली तशाच बसून राहिल्या, पण तो पुन्हा बोलला नाही. ते वाक्य अर्धंच राहिलं. आप्पा गेले त्याच्या आधीच्या वर्षीसुद्धा अव्वानं त्यांना विचारून पाहिलं, मी तिथे होते, आप्पा म्हणाले, “कुठलं?”

त्या संध्याकाळी आप्पा जेवायला बसले. अव्वानं ताट वाढलं. कुणी ठरवलं नव्हतं, पण सातही जणी गप्प बसलो. रस्ता मोकळा केला. भाकरी मोडल्याचा आवाज येत होता, कंदिलाची वात फुरफुरत होती. आप्पांनी एक घास घेतला, दुसरा घेतला, मग सगळ्यांच्या तोंडाकडे पाळीपाळीनं बघितलं. त्यांचा चेहरा उतरला. घास खाली ठेवून त्यांनी विचारलं, “कोन गेलं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाटकातला तो प्रवेश बदलून टाकला. आता मला खूप काही कळलंय असं मला वाटत होतं. नायक बायकोला दमलीस का म्हणणार नाही. तो घरात येईल, घागरीला अडखळेल, ‘ही मधीच कुनी ठिवली, पायात यायली’ म्हणून खेकसेल, घागर उचलून तिच्याजवळ नेऊन आदळेल आणि म्हैस कुठाय म्हणून विचारेल. बस्सू अण्णानं वाचलं आणि त्याचा चेहरा उजळला. “हां. ह्यो माणूस हाय,” तो म्हणाला. मंडळातल्या सगळ्यांना पटलं. गुरुनाथ अण्णानं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दुपारी नाटक उभं राहिलं. रात्रीचा प्रवेश होता, तिथे ऊन अडवायला दोघांनी काठ्यांवर काळी घोंगडी धरली आणि सुनंदानं तिच्या सावलीत कंदील लावला. पदराच्या वरून सिद्रामचे डोळे तेवढे दिसत होते. बायकांची बाजू कधी नव्हे ती गच्च भरली होती, आसपासच्या वस्त्यांवरच्यासुद्धा. आदल्या दिवशीचा कर्ण्यांचा आवाज चांगला लांबवर पोचला होता. पुरुषांना त्याचा अजून पत्ता नव्हता. बस्सू अण्णा आला, घागरीला अडखळला, उत्तम खेकसला. इतका खरा पुरुष आमच्या स्टेजवर कधी आला नव्हता.

बायकांच्या बाजूनं थोरली अत्या उठली. “हे न्हाई,” ती ओरडली. “पैलं म्हन!”

बस्सू अण्णा गोंधळून विंगेकडे, माझ्याकडे बघू लागला.

“हे घरी हायच की,” कुणीतरी म्हणालं. “हे बघायला इथं कशाला यावं? पैलं म्हन!”

मग निर्मला उठली. गावासमोर नवऱ्याचं नाव घेणं आमच्यात नव्हतं, तिनं घेतलंही नाही. ती म्हणाली, “अवो सुनंदाचे मालक, पाणी आणा!”

बस्सू अण्णानं दंडावरचा तावीज चाचपला. घागर खाली ठेवली. आणि ट्रॅक्टरवरून हाक मारायच्या आवाजात म्हणाला, “सुनंदा, दमलीस का गं? बस जरा. पाणी मी आणतो.” बायकांनी जो गलका केला त्यानं घोंगडी धरणारे दचकले आणि भर रात्री सुनंदावर लख्ख ऊन पडलं. वन्समोर झाला. त्यानं पुन्हा पाणी आणलं, सिद्राम पुन्हा प्यायला. पुन्हा वन्समोर. प्रत्येक वेळी तांब्या भरलेला, कारण बस्सू अण्णाला खोटं पाणी आणता येत नव्हतं, आणि प्रत्येक वेळी पदराआडून सुनंदाला तो संपवावा लागत होता. कितव्यांदा तरी तांब्या पुढे आला तेव्हा सुनंदा, नवरा मनातलं सांगायला तोंड उघडणार इतक्यात, लुगडं दोन्ही हातांनी वर धरून शाळेच्या मागे पळत गेली. स्टेज रिकामं. आप्पा माईकपुढे आले. बायकांची बाजू एकदम शांत झाली, अव्वा अर्धी उठून उभी राहिली. आप्पा म्हणाले, “हॅलो. सुनंदा जरा परसाकडं गेलीय. आत्ता येती.” आणि बाजूला झाले.

नाटक सिद्राम परतल्यावर पार पडलं. खलनायक रडला, त्यालाही वन्समोर मिळाला, आणि त्याच्या बायकोनं त्याला पुढचे कित्येक दिवस चहा दोनदा दिला. आम्ही कर्ण्यातून सगळं ऐकलंय हे पुरुषांना कधीतरी कळलंच असेल, पण त्यावर एकानंही शब्द काढला नाही. बस्सू अण्णाच्या ताविजाचा दोरा पावसाळ्यात कुजून तुटला. निर्मलानं त्याच दिवशी बाजारातून नवा आणून पक्की गाठ मारली.

त्या दिवशी गर्दी पांगल्यावर मी वायर गोळा करायला आप्पांबरोबर थांबले. ते स्टेजजवळ उभे राहून गुंडाळत होते, मी देवळाच्या बाजूनं वायर मोकळी करत येत होते. जवळ आले तेव्हा मी धीर करून विचारलं, “आप्पा, उदगीरला तुम्ही न्हाई म्हनून कळवलं?”

“वायर ताण जरा,” आप्पा म्हणाले.

मी ताणली. “अव्वा रागावलीय.”

“हितं टेप सुटलीय. पाय देऊ नको.”

मी पाय मागे घेतला. मैदानावर शेंगांची टरफलं पडली होती, कुणाचं तरी लेकरू स्टेजवर उभं राहून ‘पाणी मी आणतो’ म्हणत होतं. आप्पांनी वेटोळं खांद्यावरून काढून जमिनीवर ठेवलं, त्यावर हात दाबला, सुटलेल्या ठिकाणी नवी टेप लावली आणि तिच्यावरून पुन्हा पुन्हा अंगठा फिरवत म्हणाले, “गुलबर्ग्याला पोरींचं हॉस्टेल चांगलं हाय म्हनं. करंट जात न्हाई तिथं.”